वारा वगळला, तर खांदेरी कळत नाही

१/ नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. प्रकाशा येथून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तेवढेच त्याचे सागराशी नाते. भरती-ओहोटी न पाहिलेला येथील इतिहासप्रेमी तरुण आरमारी युद्ध शिकतो ते पटावर किंवा पडद्यावर. खेळाने चूक शिकवली, तर ती सुधारायला त्याच्यापाशी किनारा नाही.

२/ म्हणून जुना वाद येथे अधिक गंभीर ठरतो: आरमारी युद्धखेळ इतिहासाशी प्रामाणिक असावा, की खेळण्याजोगा?

३/ कसोटीला खांदेरी घ्यावी. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी थळसमोरील या बेटावर तटबंदी उभारण्यास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली.

४/ १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला. इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागले. पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे मराठी नौकांना माघार घ्यावी लागली.

५/ केवळ तोफा आणि नुकसानीचे गुण मोजणारा खेळ येथेच थांबेल आणि इंग्रजांना विजयी घोषित करील. प्रत्यक्षात वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. वारा पडला की शिडांची अवजड जहाजे त्यांना अडवू शकत नसत. उथळ पाण्यात पाठलागही करू शकत नसत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाकेबंदी सोडली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

६/ याचा अर्थ प्रत्येक दोरखंड आणि दारूची प्रत्येक पिशवी मोजावी, असा नव्हे. तसा खेळ सेनानी घडवत नाही, कारकून घडवतो. फ्रेड जेन यांच्या १८९८ च्या आरमारी खेळात गोळा कोठे लागला हे ठरवण्यासाठी खेळाडू जहाजाच्या कागदी आकृतीवर टाचणी बसवलेल्या पट्टीने प्रहार करीत. तोफगोळ्याचे गणित गेले. नेम धरण्याची अनिश्चितता मात्र राहिली.

७/ हाच विवेक मराठा आरमारावरील खेळाला हवा. तपशील कमी करावेत, पण ज्या अडचणींतून निर्णय जन्मले त्या कमी करू नयेत. वाऱ्यासाठी एक फासा, उथळ पाण्यासाठी पटावर निराळा रंग, गलबतांना वल्ह्यांची एक जादा चाल आणि विजयाची अट एकच: बेटावर रसद पोहोचली का? एवढ्या चार नियमांत खांदेरी मावते.

८/ बुडालेली जहाजे मोजणारा खेळ सोपा असेल, पण तो भलत्याच युद्धाचा खेळ आहे. मराठ्यांनी त्या दिवशीची लढत जिंकली नाही, तरी मोहीम जिंकली. हा भेद तापीकाठच्या तरुणाला पटावर अनुभवता आला, तर खेळ रंजकही होईल आणि खराही.