अर्ज निदान दारापर्यंत तरी जाऊ द्या

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपल्याला एक साधा हक्क दिला आहे. केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. १९५६ नंतर सीमाभागातल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी मराठीतून अर्ज लिहिले ते याच बळावर. कारकुनाने नाक मुरडले तरी कागद टेबलावर पडे आणि आवक नोंदवहीत त्याची ओळ उमटे.

आता अर्ज संकेतस्थळावर भरायचा. नाव मराठीत लिहिले की खाली लाल ओळ येते, 'कृपया फक्त अक्षरे लिहा.' मग आम्ही लिहिले ते काय होते?

यातली मेख समजून घेतली पाहिजे. ही तपासणी कार्यालयात होतच नाही. ती होते आपल्याच संगणकावर. पानासोबत आलेली जावास्क्रिप्टची चार ओळींची आज्ञावली चौकटीतला मजकूर उचलते आणि तो रोमन ए ते झेडमध्ये बसतो का, एवढेच पाहते. बसला नाही तर अर्ज घराबाहेरच पडत नाही. नोंद नाही, म्हणून नकारही नाही! उद्या विचारले तर साहेब खुशाल सांगतील, मराठी अर्ज आलाच नाही.

हे अज्ञान आहे, द्वेष नव्हे, असे आमचे मत. कन्नड लिपीतल्या नावालाही हीच वागणूक मिळते. 'लक्ष्मीबाई' डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, जावास्क्रिप्ट ती दहा मोजते, म्हणून लांब पत्ते मध्येच तुटतात. उलट किमान तीन अक्षरांची अट असली तर 'ओक' आडनाव बाद. '५०००' असा देवनागरी आकडा तर तिला संख्याच वाटत नाही. आणि हे सुधारणे अवघड नाही. कोणत्याही लिपीचे अक्षर ओळखण्याची सोय २०१८ च्या आवृत्तीपासून या भाषेत आहे. मात्र अक्षरांबरोबर काना, मात्रा, हलन्त ही चिन्हेही मान्य करावी लागतात. नाहीतर 'लक्ष्मी' पुन्हा अडली.

सुरक्षेसाठी हे करावे लागते, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारी माणसे. खिडकीवर स्लिप पाहतात ती ग्राहकाचा हेलपाटा वाचावा म्हणून. पास करतो तो आतला अधिकारी. ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते. खरी तपासणी सर्व्हरवर करावीच लागते.

मंडळाने संबंधित कार्यालयांना लेखी कळवावे की गाऱ्हाण्याच्या चौकटीत देवनागरी मजकूर व आकडे स्वीकारावेत, आणि अर्ज नाकारायचा असेल तर तो आत घेऊन, क्रमांक देऊन नाकारावा. तोवर ज्यांचा अर्ज असा अडेल त्यांनी लाल ओळीसकट पडद्याचे छायाचित्र काढावे, तारीख घालावी आणि मंडळाच्या कचेरीत आणून द्यावे. निवेदनाला तीच जोडपत्रे लागतील.