फुकट गेलेली सफारी

वर्षभर एक शब्द डोक्यातून जात नाही. फुकट. जानेवारीत एका लग्नाच्या पंगतीत तो पहिल्यांदा टोचला. शेजारी बसलेले गृहस्थ नुकतेच ताडोब्याहून परतले होते. कसा झाला प्रवास, विचारलं तर म्हणाले, "चार सफाऱ्या केल्या, त्यातल्या तीन फुकट गेल्या." चौथीत वाघ दिसला होता. मग त्या तिन्हींत काय पाहिलंत? "काही नाही हो. हरणं-बिरणं."

त्यानंतर हे वाक्य मी बँकेच्या रांगेत ऐकलं, डेक्कन क्वीनमध्ये ऐकलं, आमच्या कार्यालयातही ऐकलं. बोलणारी माणसं शिकलेली, प्राण्यांवर प्रेम करणारी. म्हणूनच राग येतो. रात्रभर प्रवास करून महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानात जायचं, ज्याला १९५५ साली हा दर्जा मिळाला, ज्याचं नाव गोंडांच्या तारू देवावरून पडलं, जिथे पहाटेच्या गारठ्यात मोहाखाली अस्वलाच्या पावलांचे ठसे मिळतात. आणि परत येऊन म्हणायचं, काही नाही.

या 'फुकट'ची दुसरी बाजू ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसली. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून सफारीच्या जिप्सींनी अडवले. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. पण जिप्सी आपणहून पुढे जात नाही. पाठीमागे पैसे मोजून बसलेल्या माणसाला वाघ दाखवला नाही तर तो काय बोलेल, याची धास्ती चालकाला असते. त्या धास्तीत आपला वाटा आहे.

वर्षाचा आढावा घ्यायची या पानाची रीत आहे. जयंत नारळीकर गेले. शिवरायांचे गड जागतिक वारशाच्या यादीत गेले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. यावर या दिवाळी अंकात जाणकारांनी लिहिलं आहे, मी थांबतो.

जूनमध्ये मारुती चितमपल्लीही गेले, त्यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. उभी नोकरी वनखात्यात काढलेला हा माणूस २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तो रानातून आणलेल्या भाषेच्या बळावर. कावळ्यांच्या वीण-वसाहतीला त्यांनी 'काकागार' म्हटलं, बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'. नवेगावबांधच्या तळ्याकाठी, गावातल्या जाणत्या माणसांच्या सोबतीने, ते वर्षानुवर्षं पाखरं बघत राहिले. वाघ त्यांनाही भेटले. पण त्यांची पुस्तकं चाळून पाहा, वाघाने किती पानं घेतली आहेत आणि पाखरांनी, झाडांनी, माणसांनी किती. या मराठीत वाढलेल्या आपल्याला 'हरणं-बिरणं' म्हणवतं कसं?

यंदाच्या विशेष विभागाचा विषय 'शेजार' आहे. तो ठरला तेव्हा जंगल माझ्या मनात नव्हतं. वाडे, चाळी, सोसायट्या होत्या. मग मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली. तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. आपण ज्याच्या दर्शनासाठी हजारो रुपये मोजतो, तो आपल्याला दिसू नये एवढंच मागणं घेऊन तिथली बाई पहाटे रानात शिरते. पाळीव जनावर गेलं, धान रानडुकरांनी लोळवलं, तर तिचा संसार हलतो. वाघाचा खरा शेजार तिचा आहे. इकडे सह्याद्रीत चांदोलीच्या रानातून तर गावंच्या गावं उठली. तिथले लोक आज दुसऱ्यांच्या शिवारात घरं बांधून राहतात, आणि त्यांच्या मोडक्या जोत्यांवर आपलं राष्ट्रीय उद्यान उभं आहे. हे ठाऊक असलेला माणूस तिथे गेला की आवाज आपसूक खाली येतो.

जंगलाला मदत करायची म्हणजे काय, असं वाचक विचारतात. माझं उत्तर साधं आहे. परदेशी सजावटीच्या रिसॉर्टऐवजी बफरमधल्या गावात, एखाद्याच्या घरी उतरा, तिथलीच भाजी-भाकरी खा. निघण्यापूर्वी गाईडला सांगा, "वाघ नाही दिसला तरी चालेल, तुम्हाला आवडतं ते दाखवा." मी हे वीस वर्षांपूर्वी एकदा म्हटलं होतं. त्या तरुणाने गाडी थांबवून अर्धा तास एका वारुळापाशी घालवला. अस्वल ते कसं फोडतं, वाळवी कशी ओढून घेतं, हे हातवारे करून सांगितलं. त्या फेरीतला वाघ मी विसरलो, वारूळ विसरलो नाही. हे बोलणं झालं की चालकावरची धास्तीही उतरते.

आणि दर वेळी ताडोबाच कशाला? चांदोली पुण्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. भीमाशंकरला शेकरू आहे. त्याहून जवळ, बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा तिथे डोळ्यांसमोर चरतो. इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनविभागाने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, तरस, खोकड यांचं हे घर आपण पिढ्यान्‌पिढ्या 'पडीक' म्हणत आलो, आणि पडीक म्हणूनच ते प्लॉटखाली, कारखान्यांखाली जात राहिलं. तिथे जाणारा प्रत्येक पुणेकर त्या माळाची किंमत सरकारदरबारी थोडी वाढवतो. पुण्याच्या लोकांनी ताडोब्याच्या आधी या माळाचं देणं फेडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

भाऊबीज उरकली की एखाद्या रविवारी अंधारातच निघा. सोबत मुलं घ्या, पाणी घ्या, दुर्बीण असेल तर घ्या. परत आल्यावर जे दिसलं ते आम्हाला लिहून पाठवा, चार ओळी असल्या तरी चालतील. पुढच्या दिवाळीच्या अंकात आठ पानं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत. वाघाचं पत्र आलं तर छापूच, पण आधी चिंकाऱ्याची.