घराचा पट्टा ही मेहेरबानी नव्हे

गेल्या महिन्यात धुळ्याच्या न्यायालयाच्या आवारात एक वृद्ध गृहस्थ हाती एक नोटीस घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांनी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेवर त्यांचे घर उभे आहे. पट्ट्याची मुदत संपून सात वर्षे लोटली होती. आजच्या बाजारभावाने थकबाकी भरा, अन्यथा जागा रिकामी करा, असा नोटिशीचा आशय होता. वर कचेरीत त्यांना असेही ऐकविण्यात आले की, ‘जागा तुमच्या वडिलांना जातीच्या सवलतीत मिळाली; तुम्ही तर आता बौद्ध झालात, मग हक्क कसला?’ या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. गृहस्थांनी मला विचारले, “वकीलसाहेब, धम्म घेतला ही आमची चूक झाली काय?”

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. खानदेशातील अनेक नवदीक्षित कुटुंबांच्या मनात तो घर करून आहे. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देणे अवश्य आहे. धर्मांतर हा शर्तभंग नव्हे! १९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीचे संरक्षण दिले. १९५६ चा वारसा कायदाही बौद्धांना लागू आहे; तेव्हा वडिलांच्या पट्ट्यावर पत्नीचा, मुलाचा आणि मुलीचा वारसाहक्क दीक्षेनंतरही अबाधित राहतो. ज्या कारकुनाने ही भीती घातली, त्याने कायदा सांगितला नाही, आपला पूर्वग्रह सांगितला.

परंतु सत्य बोलावयाचे तर दोष आमच्याकडेही आहे. सात वर्षे तो पट्टा पेटीत पडून होता. वडील वारल्यावर वारसांची नावे लागली नाहीत, मुदतवाढीचा अर्ज गेला नाही. लग्नात आणि मिरवणुकीत आपण हजारो रुपये खर्च करतो. घराच्या कागदासाठी मात्र उद्याचा वायदा करतो. हा उद्याचा वायदा आमच्या समाजाला किती महाग पडला, हे वतनाच्या इतिहासात पाहावे. महारवतनाच्या दास्यातून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि कब्जेहक्काची रक्कम ठराविक मुदतीत भरणारास तीच जमीन परत देण्याची तरतूद झाली. ज्यांनी मुदत पाळली नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरले. जमीन दिसत होती, तारीख दिसत नव्हती! घराच्या पट्ट्याबाबत तेच पुन्हा घडू द्यावयाचे काय?

म्हणून प्रत्येक पट्टेदाराने प्रथम आपला पट्टा काढून वाचावा. मुदत केव्हा संपते, नूतनीकरणाची अट आहे काय, असल्यास किती आधी मागणी करावयाची, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. नूतनीकरणाची अट लिहिलेली असेल तर आपण हक्काने मागतो. नसेल तर मालकाच्या मर्जीवर असतो. खाजगी मालकाच्या किंवा पालिकेच्या जागेत मुदत संपल्यावर भाडे घेतले जात राहिले, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे राहत्या घराचा पट्टा सामान्यतः महिन्या-महिन्याचा होतो आणि तो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. तीस वर्षांचा हक्क पंधरा दिवसांवर येतो! सरकारी जमिनीला तर प्रदानाच्या आदेशातील अटीच लागू होतात. तेव्हा तो आदेश जवळ नसेल तर त्याची नक्कल आजच मागावी.

अर्ज मुदतीपूर्वी आणि लेखी करावा. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. सोबत मूळ पट्टा, भाड्याच्या व घरपट्टीच्या पावत्या, मिळकत पत्रिका आणि वारसांचा दाखला जोडावा. त्यानंतर जागेची पाहणी होते. परवानगीवाचून वाढविलेले बांधकाम, पोटभाडेकरू, परस्पर केलेली विक्री हे शर्तभंग येथेच निघतात. म्हणून ते आधी दुरुस्त करावेत. भाडे नव्याने ठरते ते बहुधा शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून.

मुद्रांकाचा खर्च मुदतीवर अवलंबून असतो. महाराष्ट्रात पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यास बाजारमूल्याच्या १० टक्के, दहा वर्षांपर्यंत २५ टक्के, एकोणतीस वर्षांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ९० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क आकारतात. नूतनीकरणाची मुदत पट्ट्यात स्पष्ट लिहिली असेल, तर तीही मूळ मुदतीत धरली जाते. एका वर्षाच्या फरकाने शुल्क किती वाढते, हे सहीपूर्वीच मोजावे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदविलाच पाहिजे, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे हजर करावा. सरकारी भाडेपट्ट्याची जमीन अधिमूल्य भरून भोगवटादार वर्ग एकमध्ये नेण्याची वाटही २०१९ च्या नियमांनी खुली केली आहे. आजचा दर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी मागावा. तोंडी आकड्यावर विसंबू नये.

येथे शासनालाही आमचा सवाल आहे. ही जागा सामाजिक न्याय म्हणून दिली होती की व्यापार म्हणून? ओसाड माळावर आमच्या वाडवडिलांनी घरे उभारली, तेथे वस्ती झाली, म्हणून जमिनीला भाव आला. आणि त्याच भावाचा दंडुका आज त्यांच्या नातवंडांच्या डोक्यावर उगारला जातो! राहत्या घराचे भाडे कुटुंबाच्या ऐपतीस धरून असावे, मुदत संपण्यापूर्वी वर्षभर लेखी सूचना मिळावी, थकबाकीस हप्ते मिळावेत, अशी आमची मागणी आहे.

मात्र एकट्याची मागणी कोण ऐकतो? जळगाव महानगरपालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांचे करार २०१२ साली संपले. गाळेधारकांनी संघटना बांधली, न्यायालयात धाव घेतली, शासनदरबारी गाऱ्हाणे नेले. तो वाद दहा वर्षांहून अधिक चालला. दुकानासाठी व्यापारी एकत्र येतात, मग घरासाठी आपण का येऊ नये? प्रत्येक विहारात वस्तीतील पट्ट्यांची एक नोंदवही ठेवा. पट्टेदाराचे नाव, मुदत संपण्याची तारीख आणि अर्जाचा आवक क्रमांक तीत लिहा. वाचता येणाऱ्या मुलामुलींकडे हे काम सोपवा.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यास आले ते न्यायालयातील एका खटल्यासाठी, बॅरिस्टर म्हणून. आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. त्या आठवणीला वंदन करण्यासाठी दरवर्षी त्या दिवशी आपण तेथे हजारोंनी जातो. यंदा जाण्यापूर्वी घरातली पेटी उघडा आणि पट्ट्यावरील तारीख वाचा. त्या वृद्ध गृहस्थांचा अर्ज आता दाखल झाला आहे आणि त्यावर त्यांच्या बहिणीचेही नाव आहे. धम्म घेतला ही त्यांची चूक नव्हती. कागद मिटून ठेवला, ती चूक होती. ती सुधारता येते.

जय भीम!