उभ्या झाडाचा सौदा आणि तोडणाऱ्याचा पाय



पावसाळा तोंडावर आला की गारखेडा परिसरात फांद्या छाटायचे काम निघते. गारखेडा आता गाव राहिले नाही, शहराच्या पोटात गेले. पण झाडावर चढणारा माणूस अजून खेड्यातूनच येतो. हातात पेट्रोलची करवत, पायात स्लीपर, गळ्यात गमछा, एक पाय शिडीवर आणि दुसरा फांदीवर. लोक खिडकीतून पाहतात आणि आपापल्या गाड्या बाजूला घेतात. आपल्या बांधावर याहून वेगळे काही घडत नाही. तिथे फक्त पाहायला कोणी नसते.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्याला सरपणाच्या भावाने द्यावी लागली. अशी बाग कुऱ्हाडीने मोकळी करायची म्हणजे कंबर मोडायचे काम. वाळलेली सल काढायला, वादळात आडवा झालेला लिंब उचलायला, बांधावरची बाभूळ पाडायला हे मशीन हवेच. आमचे भांडण आहे ते झाडाचा सौदा ज्या रीतीने होतो तिच्याशी.

व्यापारी येतो, उभे झाड पाहतो, आकडा ठरतो, इसार दिला जातो. तोडणी उक्ती. जितकी लवकर गाडी भरेल तितकी मजुरी पदरात पडणार, म्हणून घाई. या सगळ्या बोलण्यात तोडणाऱ्या माणसाबद्दल एक शब्द निघत नाही. उद्या त्याच्या मांडीत चेन घुसली तर शेतमालक म्हणतो, माणूस व्यापाऱ्याचा. व्यापारी म्हणतो, काम उक्ते दिले होते. जखमी माणूस जीपमध्ये घाटीच्या वाटेवर असतो आणि इकडे तो कोणाचा यावर वाद चालतो.

हे मशीन माणसाला कसे फाडते ते नीट समजून घ्या. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने फिरते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा शेजारच्या फांदीला टेकला की दात अडकतो आणि सगळे मशीन उसळून तोंडाकडे, मानेकडे येते. ताकदवान गडीही ते धरू शकत नाही, कारण त्याला कळायच्या आत ते झालेले असते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर मशीन नेऊ नये, एका हाताने चालवू नये, डाव्या हाताचा अंगठा दांडीखालून घट्ट वळवलेला असावा. मोसंबीचे झाड इथे जास्त फसवते. बुंधा आखूड, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. एक कापायला जावे तर टोक दुसरीला लागते.

उसळीला थांबवणारी एक गोष्ट मशीनवरच असते: पुढच्या दांडीसमोरचा चेनचा ब्रेक. तो काम करतो की नाही हे रोज सकाळी पाहायला अर्धे मिनिट लागते. आम्ही मशीने पाहिली त्यांत ब्रेकची मूठ तुटलेली, ॲक्सिलेटरचा खटका रबराने बांधून टाकलेला, असे प्रकार पुष्कळ. का, तर 'मधे मधे येतो'.

देखभालीचेही तसेच. भुशाकडे पाहा. चेनला धार असेल तर ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली. बोथट चेनला माणूस अंगाचा जोर लावतो, आणि जोर लावताना तोल जातो. गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यायचे, एवढेच काम आहे. गावातले काही मिस्त्री दातापुढचा छोटा उंचवटा घासून खाली करतात, म्हणजे चेन जास्त खाते. खाते खरी, पण उसळतेही जास्त. तसे करू देऊ नका. चेन गरम झाली की सैल पडते. मशीन बंद करून, चेन निवू देऊन ती ताणावी, बारला चिकटून बसावी पण हातमोजा घालून ओढली तर फिरावी. ॲक्सिलेटर सोडल्यावरही चेन फिरत असेल तर ते मशीन त्या दिवशी कामाला लावू नये. चेनला ट्रॅक्टरचे जळके ऑईल घालण्याची काटकसर बार खाऊन टाकते. पेट्रोलमध्ये ऑईलचे प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. ५० ला १ लिहिले असेल तर लिटरला २० मिलि. आणि गरम इंजिनवर, बिडी ओठात ठेवून, टाकी भरायची नाही.

आता त्या पायाबद्दल. जंगलकामासाठी एक खास पँट मिळते, तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन चक्रीत गुरफटतात आणि चेन जागीच थांबते. पँट कापली जाते, मांडी वाचते. सोबत बूट, जाळीचे हेल्मेट, कानाला झाकण. दुकानात मशीन दाखवतात, हे कोणी दाखवत नाही. ज्याचे मशीन त्याने हा संच द्यायचा, ही अट इसार घेण्याआधी शेतमालकाने घालावी. झाड आपले आहे तोवर आपला शब्द चालतो, इसार खिशात गेला की चालत नाही. एका शेतकऱ्याने अट घातली तर व्यापारी पुढच्या बांधावर जाईल. गावाने मिळून घातली तर त्याला जायला बांध उरणार नाही.

सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात नाव घेतले ते मळणी यंत्राचे. शेतीतली इतर यंत्रे अधिसूचना काढून आत घेण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला. करवतीसाठी तो वापरावा, अशी मागणी जिल्हा बैठकीतून जावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ पासून ती विम्याऐवजी थेट अनुदान देते, मृत्यूला २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या आणखी एकाला. मशीन चालवणारा बहुधा भूमिहीन, तो त्यात नाही.

त्याच्यासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. वय १८ ते ७०, बँकेत खाते, वर्षाला २० रुपये. मृत्यूला २ लाख, हात किंवा पाय निकामी झाला तर १ लाख. दोन बोटे गेली तर काही नाही, हेही सांगून ठेवतो. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापला जातो आणि वर्ष १ जूनला सुरू होते. पावसाळ्याआधीची छाटणी त्याच सुमारास निघते. तेव्हा झाड देताना तोडणाऱ्याचे पासबुक मागून पाहा, २० रुपये कापले आहेत का ते.