निरोप्याच्या आड दडलेला मालक

मुंबईच्या जुन्या चाळींत घरमालक सहसा दृष्टीस पडत नाही. दिसतो तो त्याचा वसुली कारकून. अलीकडे कोठे कोठे त्याच्या जागी व्यवस्थापन कंपनी आणि तिचा मोबाइलवरील संदेश आला आहे, इतकाच फरक. भाडे मागताना हा मध्यस्थ मालकाच्या अधिकारवाणीने बोलतो. कुजलेल्या तुळया वा तुंबलेले संडास यांची तक्रार पुढे येताच तोच गृहस्थ एकाएकी गरीब नोकर होतो : ‘शेटना सांगतो.’ त्याने सांगितले की नाही, हे कळण्याचा मार्ग भाडेकरूपाशी नसतो.

यात गबाळेपणापेक्षा हिशेब अधिक आहे. दुरुस्ती जितकी लांबेल तितका मालकाचा खर्च वाचतो, आणि ती लांबविण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे निरोप न पोचविणारा निरोप्या. नियंत्रित भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, हे मालकवर्गाचे गाऱ्हाणे सर्वस्वी खोटे नाही. १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली होती. परंतु तक्रारीची पोच देण्यास कोणता खर्च येतो?

मौज अशी की, कायद्याने ही पळवाट केव्हाच बुजविली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ मधील व्याख्येनुसार दुसऱ्याच्या वतीने भाडे घेणारा इसमही ‘घरमालक’च होय. कलम ३१ अन्वये भाड्याची लेखी पावती देणे बंधनकारक आहे. कलम १४ तर असे सांगते की, भाडेकरूंनी एकेकट्याने वा एकत्रितपणे किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, आणि तरीही मालक हलला नाही तर दुरुस्ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतची रक्कम भाड्यातून कापून घ्यावी. (मासिक शंभर रुपये भाड्याच्या खोलीत हा हिस्सा तीनशे रुपये होतो! त्यात कोणती तुळई येते, हे विधिमंडळालाच ठाऊक.)

तरीही नोटीस द्यावीच, कारण तिची नोंद राहते आणि कारकुनाला नेमकी नोंदच नको असते. बाप वारल्यावर त्याच्याजवळ राहणाऱ्या मुलाने पावती आपल्या नावावर मागितली, की वर्षानुवर्षे ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते, तेही तोंडी. मुलाचा हक्क कायद्यात शाबूत असतो. कागदावर मात्र मृत बापच भाडे भरीत राहतो.

चाळ समित्यांनी तोंडी तक्रारी आता बंद कराव्यात. सर्व बिऱ्हाडांच्या सह्यांची नोटीस मालक व कारकून या दोघांच्याही नावे पोचपावतीसह टपालाने धाडावी, आणि कारकून पुढील भाड्यास आला म्हणजे तिची नक्कल पुढे करून त्याची सही मागावी.