नातीला सांगायचे की नाही?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तरीच्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या आणि दार लोटून घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, मुंबईचे कागद आणलेत. तुम्ही वाचा, पण पोरीपुढे त्या रोगाचं नाव काढू नका. रक्त कमी झालंय, असं सांगितलंय तिला." नात बाहेर बाकावर बसली होती. वय पंधरा, इयत्ता दहावी. निदान होते 'अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया', म्हणजे मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग. मी मान डोलावली. ती माझी चूक होती.

या आजाराचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले काही महिने सलाइनमधून जाणाऱ्या तीव्र औषधांचे, रुग्णालयातील मुक्कामांचे, केस गळण्याचे. त्या काळात सारे घर सावध असते. खरी कसोटी त्यानंतर लागते. केस पुन्हा येतात, मूल शाळेत जाऊ लागते, जेवू लागते, आणि उरतात त्या घरी घ्यावयाच्या गोळ्या: मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. मूल वरकरणी ठणठणीत दिसत असले तरी शरीरात दडून राहिलेल्या मोजक्या रोगपेशींसाठी या गोळ्या लागतात. त्या चुकत राहिल्या तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. आणि गोळ्या चुकवण्यात किशोरवयीन मुले लहानग्यांच्या पुढे असतात.

आमच्या या मुलीच्या दप्तरात, कंपासपेटीच्या खाली, न घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे आईला सापडली. घरात रडारड झाली. मी तिला एकटीला बसवून विचारले. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टरकाका, परळला टाटात कशासाठी नेतात, हे एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा माहीत असतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सगळे लपवतायत म्हणजे मी वाचणार नसेन, असं वाटलं. मग गोळ्या घेऊन काय करायचं?"

आपण मायेने पाळलेल्या मौनाचा असा अर्थ ती लावत होती. बरे होण्याच्याच उद्देशाने हे उपचार चालले आहेत, आणि या आजारातून बरी झालेली पुष्कळ मुले आज संसार-नोकऱ्या करीत आहेत, एवढे साधे वाक्य तिला कोणीही सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही.

म्हणून आजी-आजोबांना माझी विनंती अशी, की आईवडील आणि उपचार करणारे डॉक्टर मुलाला खरे सांगू पाहत असतील, तर 'लेकराला कशाला घाबरवता' म्हणून आड येऊ नका. सगळे एकाच दिवशी सांगावे लागत नाही. मूल जेवढे विचारील तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. येत नसेल तर 'आपण मोठ्या डॉक्टरांना विचारू' म्हणावे. नातवंडे पुष्कळदा आईला रडू येईल म्हणून तिला काही विचारीत नाहीत, रात्री आजीजवळ विचारतात. तेव्हा विषय बदलू नये. आणि हा आजार कोणाच्या दृष्टीने, कोणाच्या कर्माने झालेला नाही, संसर्गजन्यही नाही, हे भेटीस येणाऱ्या पाहुण्यांनाही आपणच ठणकावून सांगावे. वडीलधाऱ्यांचा शब्द तिथे चालतो.

घरात जे औषधपाणी तुमच्या हातून होते, त्याविषयीही थोडे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले गेले तर ते विषासारखे काम करते, म्हणून त्याचा वार ठरलेला असावा आणि डबी वेगळी ठेवावी. काढे, विशेषतः गुळवेल, परस्पर देऊ नयेत. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवली आहेत, आणि या गोळ्यांचा ताण आधीच यकृतावर असतो.

त्या दिवशी संध्याकाळी मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या गोळ्यांचे सारे सांगितले. मुलीनेच सांगितले, मी फक्त फोन लावून दिला. रक्ततपासण्या झाल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आजींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर रविवारी लाल पेन्सिलीने गोल करायला सुरुवात केली आणि त्या गोलापुढे नातीने सही करायची, असा करार ठरला.

औषधे संपून आता काही महिने झाले आहेत. तपासण्या चालू आहेत, आणि प्रत्येक अहवालापूर्वीची रात्र त्या घराला जागूनच काढावी लागते. मागच्या खेपेला दोघी दवाखान्यात आल्या, तेव्हा कागद नातीच्या हातात होते. आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या.