मगरिबनंतर हेडलाइट लागला नाही तर

तारापूर, चिंचणी, कुरगाव, पास्थळ या पट्ट्यातल्या घरांत संध्याकाळची एक ठरलेली धांदल असते. कुणी मगरिबची नमाज आटोपून बोईसरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला निघतो, कुणी दुसरी पाळी संपवून मध्यरात्री परततो. रिक्षा भरण्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतःची मोटारसायकल किंवा स्कूटर बरी, असा हिशेब पुष्कळ घरांनी केला आहे. अशातच एखाद्या दिवशी गाडी सुरू होते, हॉर्न वाजतो, हेडलाइट मात्र लागत नाही. मग “रोजचाच रस्ता आहे, सावकाश जातो,” असे अम्मीला सांगून मुलगा तसाच बाहेर पडतो. या महिन्याचे पान त्या मुलासाठी आहे, आणि त्याला दारातच थांबवू शकणाऱ्या घरच्यांसाठीही.

रस्ता आपल्या ओळखीचा असला तरी समोरून येणाऱ्या टँकरवाल्याला आपण दिसत नसतो. हेडलाइट आपल्याला खड्डा दिसावा म्हणून जितका, तितकाच आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतो. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले. त्याच तारापूरच्या रस्त्यावर दोन खांबांमधला अंधार अजून तसाच आहे. त्या अंधारात पायी घरी निघालेले कामगार असतात, बसलेली गुरे असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गाडीचे दिवे लागलेलेच हवेत. म्हणजे मगरिबच्या जमातीला उजेडात गेलेला माणूस इशा पढूनच परतणार असेल, तर त्याची परतीची वाट पूर्ण अंधाराची असते. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा इमानचा एक भाग आहे, हे आपल्या मुलांना मदरशात लहानपणीच शिकवले जाते. बिनदिव्याची गाडी ही आपणच रस्त्यात नेऊन ठेवलेली तशी वस्तू आहे, असे आम्ही मानतो.

दिलासा एवढाच की दोष बहुतेक वेळा लहान असतो आणि दहा मिनिटांत घरच्या घरी सापडतो. सुरुवात मात्र योग्य ठिकाणाहून हवी. अनेक दुचाकींचा हेडलाइट नुसती चावी फिरवून लागत नाही. इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. जुन्या गाड्यांत तर तो एक्सिलेटर दिल्यावर उजळतो आणि सोडल्यावर मंदावतो, त्यात बिघाड काहीच नाही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइटचे बटणच नसते, इंजिनाबरोबर दिवा आपोआप लागतो. “दिवसा दिवा कशाला?” म्हणून त्यावर कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. पण त्याचा एक फायदा घ्या: सकाळी गाडी काढताना समोरच्या भिंतीवर उजेड पडतो का, हे बघून ठेवा. बिघाड सकाळी कळला तर दुरुस्तीला अख्खा दिवस मिळतो.

आता हॉर्न आणि इंडिकेटर पाहा. तेही मरगळले असतील तर संशय बॅटरीवर, किंवा तिच्या टोकांवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीवर. ते ठीक असतील तर डिपरचे बटण खाली-वर करा. वरचा उजेड पडतो आणि खालचा नाही, किंवा उलट, तर बल्बमधली एक तार तुटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. दोन्ही गेले असतील तर गाडी बंद करून बल्ब काढा. काच काळी किंवा दुधाळ झालेली, आतली तार तुटलेली दिसली की प्रश्न मिटला. नवा हॅलोजन बल्ब लावताना काचेला बोट लावू नका; बोटांचे तेल काचेवर राहते, तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ कापडाने धरा. चारचाकीत एकच बाजू बंद असेल तर डावा बल्ब उजवीकडे लावून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर आधी फ्यूज आणि रिले पाहा.

बल्ब चांगला आहे, तरी दिवा नाही? मग आमच्या किनाऱ्याची जुनी खोड आठवा. खारी हवा खिडक्यांच्या गजांना सोडत नाही, ती बल्बमागच्या प्लगला काय सोडणार! प्लग ओढून पितळी पट्ट्या बघा. त्यांवर हिरवट थर असेल तर वीज तिथेच अडते. बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या आणि प्लग घट्ट बसवा. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार तेवढीच महत्त्वाची; तिचा स्क्रू गंजला की चांगला बल्बही मिणमिणतो किंवा अजिबात लागत नाही. पावसाळा सरताना आणि त्यानंतरच्या महिन्यांत हा दोष जास्त डोके वर काढतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा ही साफसफाई करून घ्यावी. मोटारसायकलचे हँडल डावी-उजवीकडे वळवल्यावर दिवा लुकलुकत असेल, तर हँडलच्या मानेपाशी तार आतून तुटत आली आहे. बाहेरचे आवरण शाबूत दिसते, म्हणून ही तार चटकन सापडत नाही.

फ्यूजबद्दल मात्र आम्हाला जरा कडक बोलायचे आहे. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लाल उडाला तर लालच लावायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून किंवा जाड तार टाकून “काम चालवणारे” हात आपल्याकडे कमी नाहीत. फ्यूज उडतो तो तार जळू नये म्हणून. त्याची वाट बंद केली की आग लागायला तारच उरते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे आपले काम संपले आणि इलेक्ट्रिशियनचे सुरू झाले. बल्ब दर काही आठवड्यांनी उडत असेल तर रेग्युलेटर तपासून घ्यावा. आणि जास्त उजेडाच्या हौसेने कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठ्या वॅटचा बल्ब लावू नये. प्लग आणि बटण दोन्ही वितळतात, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात.

वाटेतच दिवा गेला तर? गाडी कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा. वरचा उजेड तेवढा शिल्लक असेल तर अगदी हळू जवळच्या दुकानापर्यंत जा. पुढच्या गाडीच्या उजेडात तिला चिकटून जाण्याची युक्ती करू नका, तिने ब्रेक मारला की तुम्ही तिच्यावर आदळाल. काहीच चालत नसेल तर गाडी ओळखीच्या घरी किंवा पेट्रोल पंपावर ठेवून घरी फोन करा. पाळीला अर्धा तास उशीर झाला तर घरात कुणी रागावू नये, एवढे घरच्यांनी आधीच ठरवून टाकावे.

गाडीच्या डिकीत त्याच वॅटचा एक बल्ब कापडात गुंडाळून आणि दोन फ्यूज ठेवा. नव्या एलईडी हेडलाइटमध्ये बहुधा वेगळा बल्ब नसतो, अख्खा संच बदलावा लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून मेकॅनिकने “संच गेला” म्हटले तर आधी प्लग आणि फ्यूज आपल्यासमोर तपासायला सांगा, आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.